बटणांचा बँड

तुमच्या मुलाच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई चार वाजल्यानंतर काय करतात, सांगता येईल तुम्हाला? छातीवर हात ठेवून सांगा. गणिताचे सर तुम्हाला ठाऊक असतात, कारण मार्क तिथे अडतात. मुख्याध्यापकांपुढे तुम्ही कमरेत वाकता, कारण प्रवेश तिथे अडतो. शिवणाच्या बाईंपाशी तुमचं काही अडत नाही, म्हणून त्या भिंतीसारख्या. असतात, पण दिसत नाहीत.

या बाई मात्र दिसायच्या. दिसायच्या आधी ऐकू यायच्या. जिन्याच्या खालच्या पायरीवरून त्यांनी "कोण आहे रे वर?" म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरची पोरं जागच्या जागी थिजायची. अंगकाठी बारकी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, पदराला कायम दोनचार टाचण्या. आवाज मात्र पलटणीचा. म्हणून पोरांनी त्यांचं नाव पाडलं कर्नलबाई. बाईंना हे नाव कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कर्नलच का? जनरल म्हणायला जीभ झिजते का तुमची?"

शाळा सरकारी, शहर संपता संपता, जिथे बस वळसा घेऊन परत फिरते तिथली. इतकी मोठी की नवा शिपाई पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या इमारतीत हरवला आणि त्याला शोधायला जुन्या शिपायाला पाठवावं लागलं. दिवसा ती इतर शाळांसारखीच: घंटा, फळा, खाकरणारे सर. पण चारची घंटा झाली की तिला दुसरा जन्म मिळायचा. अंगणात व्हॉलीबॉल. जिन्याखाली बुद्धिबळवाले, त्यांना वरून धावणाऱ्यांची धूळ खायची सवय झालेली. सभागृहात नाटकाची तालीम, तिथे एकच मुलगा रोज एकाच जागी मरायचा आणि रोज कुणीतरी ओरडायचं, "मेल्यावर नाक खाजवू नकोस!" भित्तिपत्रकवाल्या मुलींचे हात कोपरापर्यंत डिंकाने माखलेले. ज्या पोरांना दिवसभर बाकावर कुणी हिंग लावून विचारत नसे, ती पोरं चारनंतर राजासारखी चालायची.

फक्त बँडच्या खोलीला कुलूप होतं. संगीताचे सर बदली होऊन गेले आणि त्यांची जागा कुणी भरलीच नाही. का भरली नाही, ते विचारायला गेलं की वरचा खालच्याकडे बोट दाखवी आणि खालचा वरच्याकडे. मुख्याध्यापक भले गृहस्थ, पण त्यांचं एकच पालुपद: "हळूहळू करू." पोरं त्यांना हळूहळू सर म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

एकदा बाई त्या खोलीत ठेवलेलं जुनं शिवणयंत्र आणायला गेल्या. शिपायाकडून किल्ली घेऊन कुलूप काढलं, तर आत चारपाच पोरं. खिडकीच्या गजांतून आत शिरलेली. एकजण ढोलावर पट्टीने टकटक करत होता, आणि एक मुलगी ट्रम्पेट तोंडाला लावून गाल टम्म फुगवून बसली होती. आवाज काडीचा येत नव्हता.

"चोऱ्या करता?" बाई गरजल्या.

"नाही बाई. वाजवतोय."

"हे वाजवणं? फुंकणीने चूल फुंकणारी बाई याहून बरी वाजवते. येतं का तुम्हाला?"

"नाही बाई."

"मग शिका."

"शिकवणार कोण?" गाल फुगवलेल्या मुलीने विचारलं. चेहरा लालबुंद, पण नजर खाली नाही. ही फुगी. बसड्रायव्हरची पोर. हे नाव तिला त्याच दिवशी चिकटलं.

बाईंच्या नाकावर राग असायचाच, पण तो दर वेळी पोरांवर निघायचा असं नाही. त्या तडक हळूहळू सरांच्या खोलीत गेल्या. "संगीताचा माणूस येईपर्यंत बँड मी घेते."

"बाई, तुम्हाला संगीत येतं?"

"तुम्हाला शाळा चालवता येत होती का, इथे आलात तेव्हा?"

सर हसले. त्यांनी किल्ली दिली. त्यांचा एक गुण मानलाच पाहिजे, चांगल्या कामाला ते उशीर करत, पण आडवे येत नसत.

बाईंना खरोखरच संगीत येत नव्हतं. सुरांची लिपी त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखी दिसायची. त्यांना येत होतं एकच: कुठलाही शिवलेला कपडा उसवून तो कसा बेतला आहे ते ओळखायचं आणि पुन्हा तसाच शिवायचा. त्यांनी धूनही तशीच धरली. त्यांचा नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. त्याने दुकानातल्या अडगळीतून एक जुना टेपरेकॉर्डर काढला, पुसून-बिसून चालू करून दिला. शाळांच्या क्रीडास्पर्धांना वाजते ती संचलनाची धून बँडच्या खोलीतल्या कपाटात एका कॅसेटवर होती. वाद्यांच्या पेट्यांत बोटं कुठे ठेवायची याचे तक्ते होते. बाई एक तुकडा ऐकायच्या, थांबवायच्या, वाद्यावर तो सूर सापडेपर्यंत फुंकायच्या. ओठ सुजले. नवरा म्हणाला, "तुझ्या तोंडाचा पट्टा बंद करायला हा चांगला उपाय निघाला." पुढे दोन दिवस त्याला स्वतःचा डबा स्वतः भरावा लागला.

सापडलेले सूर लिहायचे कसे, हा प्रश्न बाईंनी शिवणाच्याच डब्यातून सोडवला. कापडाची लांब फीत घ्यायची आणि तिच्यावर बटणं शिवायची. रंग म्हणजे सूर. आकार म्हणजे लांबी: कोटाचं मोठं बटण म्हणजे सूर ओढायचा, शर्टाचं बारीक बटण म्हणजे टिचकी मारून सोडायचा. काळं बटण आलं की गप्प बसायचं. प्रत्येक पोराची आपापली फीत, वाद्यावर बांधलेली. बाहेरच्याला वाटावं शिंप्याचं दुकान वरातीला निघालंय. पण ज्या पोरांना कागदावरचं काही डोक्यात शिरत नसे, त्यांना हे एका दुपारी कळलं.

"बाई, चुकलं," कुणी रडकुंडीला आलं की बाईंचं उत्तर ठरलेलं: "चुकलं तर रडायचं नाही. उसवायचं."

बँड उभा राहिला. आधी नुसता कोकलायचा, मग वाजू लागला. सकाळच्या प्रार्थनेला, व्हॉलीबॉलच्या सामन्याला, बक्षिसांच्या कार्यक्रमाला. पोरं वाढली, मागची भिंत सरकवावी की काय अशी गर्दी झाली. फुगी ट्रम्पेटवाल्यांची म्होरकी झाली. तिचा बाप शेवटच्या थांब्यावर बस उभी करून काच खाली घ्यायचा, दोन मिनिटं ऐकायचा आणि कंडक्टरने शिव्या घातल्या की निघायचा.

मग बोलावणं आलं. शहरातल्या सगळ्या शाळांच्या स्पर्धांचं उद्घाटन, मोठं स्टेडियम, आणि सगळ्या शाळांचे बँड मिळून एकच धून वाजवणार. तीच संचलनाची. फुगीचं शाळेतलं ते शेवटचं वर्ष. ती त्या दिवशी घरी गेली ती उड्या मारत.

पहिल्या तालमीला बाईंची पोरं स्टेडियमवर गेली. इतर शाळांचे मास्तर पांढऱ्या बुटांत, पोरांच्या हातात कागद. बटणांच्या फिती पाहून खसखस पिकली. बाईंनी एकदा मागे वळून बघितलं, खसखस थांबली. बँडचे संचालक म्हणजे पांढऱ्या मिशांचे, काटकुळे म्हातारे. त्यांनी काठी उचलली. धून सुरू झाली.

आणि सगळं फाटलं.

दुसरा शब्द नाही. जणू एकाच कपड्याच्या दोन बाह्या वेगवेगळ्या माणसांच्या मापाने बेतलेल्या. इतर शाळा पुढे चालल्या होत्या, बाईंची शाळा मागे रेंगाळत होती, आणि सूर एकमेकांना असे घासत होते की पहिल्या रांगेतल्या पोरींनी कानांवर हात ठेवले. संचालकांनी काठी खाली घेतली. "कुणाचं वाद्य बिघडलंय?"

एकेक शाळा वाजवून पाहिली. पाळी बाईंच्या शाळेची आली. पोरांनी वाजवलं, अगदी नेहमीसारखं, झोकात. संचालकांनी डोळे मिटून ऐकलं. मग त्यांनी फुगीला एकटीला वाजवायला सांगितलं. मग क्लॅरिनेटवाल्याला. मग पुन्हा सगळ्यांना.

"गंमत आहे," ते म्हणाले. "सगळे अर्ध्या सुराने खाली, आणि सगळे सारखेच खाली. एकही पोरगं दुसऱ्यापेक्षा जास्त चुकत नाही. हे वाद्यांचं बिघडणं नाही. हे कुणीतरी शिकवलंय."

एक पांढरे बूटवाले मास्तर हसले. "बाई, तुमची शाळा शहराबाहेर आहे हे ठाऊक होतं. सुराबाहेर पण आहे, हे आज कळलं."

कर्नलबाईंनी पदराची एक टाचणी काढली आणि परत तिथेच टोचली. फुगी हातातल्या ट्रम्पेटकडे बघत होती, पाळलेलं कुत्रं चावावं तशी.

संचालकांनी बाईंना बाजूला घेतलं. "आठवडा आहे. पुढच्या तालमीला जमलं तर उभे करा. नाही जमलं तर तुमच्या पोरांना झेंडे देतो. संचलनात पुढे चालतील, दिसतीलही छान."

हळूहळू सरांना ते पटलं. "झेंडे घ्या बाई. इज्जत राहील. सूर काय, हळूहळू..."

"हळूहळू काय? ती पोर हळूहळू शाळा सोडून जाईल!" बाई म्हणाल्या आणि दार आपटून निघाल्या.

घरी येऊन त्यांनी टेपरेकॉर्डर नवऱ्यापुढे आदळला. "उघड."

त्याने स्क्रू काढले. आत बघितलं, पुन्हा बघितलं, आणि चष्मा पुसायला लागला. काही दडवायचं असलं की तो चष्मा पुसतो, हे बाईंना लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

"बोल."

"आतला रबरी पट्टा. मूळचा तुटला होता, म्हणून मी दुसऱ्या मशीनचा घातला होता. थोडा सैल आहे. त्यामुळे कॅसेट सावकाश फिरते. सावकाश फिरली की आवाज उतरतो."

"म्हणजे तुझ्या रबराने माझी पोरं बुडवली."

"हो," तो म्हणाला. "पण रेडिओवर तीच धून आपण ऐकली होती, तेव्हा तू म्हणालीस की रेडिओवाले फार घाई करतात. नाचता येईना, अंगण वाकडं."

खरं होतं. तेव्हाच कळायला हवं होतं. आपली पोरं चुकणार नाहीत, म्हणजे जग चुकतंय, असं त्या धरून चालल्या होत्या. नवऱ्याने नवा पट्टा आणला, घातला. पण आता बरोबर चाललंय हे कशावरून? पोळलेल्या माणसाने किती वेळा विश्वास ठेवायचा? दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता बाई ट्रम्पेटची पेटी काखेत मारून संचालकांच्या कचेरीत गेल्या. कुणाच्या दारात जाऊन विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. घर बांधताना सख्ख्या भावाकडे साधी शिडी मागायलाही त्या गेल्या नव्हत्या.

"बसत नाही," त्या म्हणाल्या. "नव्या पट्ट्यावर ऐकून सापडलेला पहिला सूर वाजवते. बरोबर आहे का, तेवढंच सांगा."

वाजवला. म्हातारे म्हणाले, "बरोबर." मग त्यांची नजर पेटीतल्या फितीवर गेली. त्यांनी ती हातात घेऊन बटणं चाचपली. "हे लिहिलंय? वा! माझी पोरं कागद घेऊन उभी राहतात आणि वारा आला की अर्धा बँड कागदांमागे धावतो." त्यांनी स्वतः बसून बाईंना पहिल्या ओळीचे सगळे सूर वाजवून दाखवले. बाई शेवटी बसल्या. चहाही घेतला.

चारची घंटा झाली. बँडच्या खोलीत पोरं आधीच येऊन बसली होती, पण कुणी वाद्य पेटीतून काढलं नव्हतं. बाई दारात उभ्या राहिल्या.

"ऐका. कॅसेट सावकाश चालत होती. मला ते ओळखता यायला हवं होतं, आलं नाही. मी शिकवलं तसंच तुम्ही वाजवलंत, केसभरही चुकला नाहीत. चूक माझी."

शिक्षकाने अशी चूक पदरात घेतलेली त्यांच्यापैकी कुणी बघितली नव्हती. तुम्ही तरी कितीदा बघितली आहे? मागून ढोलवाल्याने बिचकत हात वर केला. "बाई, आमचं ढोलांचं तरी बरोबर आहे ना?"

"तुमचंही सावकाश आहे. गोगलगायीच्या चालीने."

थोडं हसू फुटलं. फुगी हसली नाही. "मी झेंडा धरणार नाही, बाई."

"मग काय करणार? सगळे सूर बदलतील. बोटं नव्याने बसवायला लागतील. आठवडा आहे."

"तुम्हीच सांगता ना, चुकलं तर रडायचं नाही." फुगीने आपली फीत ट्रम्पेटवरून सोडली आणि बाईंच्या हातात ठेवली. "मग उसवू."

बाईंनी सगळ्यांच्या फिती गोळा केल्या. घरी नेऊन आपणच नव्याने शिवू, असं त्यांच्या मनात होतं, त्यांचा हात झरझर चालतो. पिशवी उचलून त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. फिती माझ्या हातांनी शिवल्या, तर नवे सूर कळणार कुणाच्या हातांना? माझ्या. आणि स्टेडियममध्ये वाजवणार कोण?

त्या परत फिरल्या. पिशवी उपडी केली. शिवणाच्या वर्गातून सुयांचा डबा आला. "ज्याची फीत त्याने उसवायची, ज्याची त्यानेच शिवायची. एकेक बटण लावताना तो सूर तोंडाने म्हणायचा."

"बाई, मी मुलगा आहे," ट्रॉम्बोनवाला म्हणाला.

"बटणं तुझ्या शर्टाला नाहीत का? बस खाली."

शाळेने असं दृश्य आजवर पाहिलं नव्हतं. बाकांवर, खिडकीत, दाराच्या उंबऱ्यावर पोरं सुया घेऊन बसलेली, आणि सगळी मिळून पुटपुटतायत. तोंडात दोरा, नाकात सूर. "बाई, सुई टोचली!" "ट्रम्पेटला नाही ना टोचली? मग चालू दे." बुद्धिबळवाले जिन्याखालून उठून बघायला आले आणि सुयांत दोरा ओवायला बसले. नाटकवाल्या मुलाने आज मरायला सुटी घेतली. ज्या पोरांची बोटं जाडी, त्यांना भित्तिपत्रकवाल्या मुलींनी गाठ मारायला शिकवलं, वर टोमणेही मारले.

नव्या सुरांना नवे रंग लागत होते आणि डब्यात ते नव्हते. हिरवं पाहिजे, जांभळं पाहिजे. पोरं घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून उपनगरातल्या बापांचे कोट उघडे पडायला लागले. फुगीच्या बापाला डेपोत साहेबाने हटकलं, "गणवेशाची बटणं कुठायत?" तो म्हणाला, "साहेब, ती स्टेडियमवर वाजणार आहेत." साहेबाने त्याला घरी जाऊन झोप घ्यायला सांगितलं.

फीत शिवून झाली की लगेच वाजवायचं. जुनं बोट सवयीने जुन्या जागी जाई, आणि बाई ओरडायच्या. फुगीचं तर पहिल्याच ओळीत अडायचं, तिला जुनी धून सगळ्यांत पक्की पाठ होती ना. एकदा तिने ट्रम्पेट मांडीवर आपटला आणि बाहेर जाऊन बसली. बाई तिच्यामागे गेल्या नाहीत. ट्रम्पेटवाल्यांत सगळ्यांत कच्चं एक पोरगं होतं, त्याला त्यांनी म्होरक्याच्या जागी उभं केलं आणि मोठ्याने वाजवायला लावलं. त्याची पहिली ओळ नवी, स्वच्छ आली. फुगी आत आली, त्याला खांद्याने ढकललं आणि आपल्या जागी उभी राहिली. "सरक. आता मी."

पुढच्या तालमीला संचालकांनी एकदा ऐकलं. झेंड्यांच्या गठ्ठ्याकडे बोट करून शिपायाला म्हणाले, "हे दुसऱ्या शाळेला दे."

उद्घाटनाच्या दिवशी हळूहळू सर सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. बाईंचा नवरा आणि फुगीचा बाप शेजारी शेजारी, बापाच्या शर्टाला सेफ्टी पिना. व्यासपीठावर पाहुणे. बाई कडेला, कठड्यापाशी. काठी वर गेली. सगळ्या शाळांची पोरं, एवढं मोठं मैदान, आणि धून उठली.

बाई कान देऊन आपली पोरं शोधू लागल्या. सापडेनात. फुगीचा ट्रम्पेट त्यांना गर्दीतही ओळखू यायचा, तोही नाही. वाजवत नाहीत की काय? घाबरून गप्प बसली की काय? त्यांनी गळ्यातला चष्मा लावला आणि बघितलं. फुगीचे गाल टम्म फुगलेले होते. ट्रॉम्बोन पुढेमागे होत होता. ढोलवाला जीव खाऊन बडवत होता. सगळी वाजवत होती. आणि तरीही त्यांच्या शाळेचा म्हणून वेगळा असा एकही सूर त्या मैदानात नव्हता.

धून संपली. बाई कठड्यावरून खाली बघत राहिल्या. मग वरच्या पायऱ्यांवर नवऱ्याजवळ गेल्या.

"आपली पोरं ऐकू आली?"

"छे," तो म्हणाला. "सगळ्यांचं मिळून एकच ऐकू आलं."

बाईंनी पदराने नाक पुसलं, टाचणी टोचली, तिच्यावर चिडल्या. "मग झालं," त्या म्हणाल्या.

एक सांगायचं राहिलं. पोरं वाजवत होती तेव्हा व्यासपीठावरचे पाहुणे आपसात गप्पा मारत होते, फोनवर बोलत होते, एकजण तर धून चालू असतानाच माईक ठोकून बघत होता. ते पाहुणे कुणी परके नव्हते. तुम्ही-आम्हीच असतो तिथे, कधी खुर्चीत, कधी पायऱ्यांवर. तेव्हा एक काम करा. पुढच्या खेपेला कुठल्याही शाळेची पोरं कुठेही वाजवत असतील, तर तोंड मिटा, फोन खिशात घाला आणि शेवटचा सूर विरेपर्यंत नीट ऐका. मग टाळ्या वाजवा, आणि वाजवाल तर हातचं राखून वाजवू नका.